डाखाची निवड आणि निवडीचा अधिकार

घरातला विजेचा मीटर असो, रुग्णालयातील हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र असो की खिशातला मोबाइल असो, त्याचे काम शेवटी शेकडो किंवा हजारो बारीक सांध्यांवर अवलंबून असते. हे सांधे ज्या मिश्रधातूने जोडले जातात त्याला जुने कारागीर डाख म्हणतात. कारखान्यात त्याला सोल्डर म्हणतात. वस्तूच्या किमतीत डाखाचा वाटा इतका अल्प असतो की ताळेबंदात त्याला क्वचितच स्वतंत्र ओळ मिळते. तरीही हा डाख कोणत्या धातूंचा असावा या प्रश्नावर गेल्या तीन दशकांत युरोपात कायदा झाला, जपानी कंपन्यांनी आपली उत्पादनपद्धती पालटली, अमेरिकेत पेटंटे निघाली आणि भारत सरकारला नियम करावे लागले. या सगळ्या घडामोडीत एक गोष्ट मात्र घडली नाही. ज्यांच्या हाताखाली हा डाख वितळतो आणि वस्तू भंगारात गेल्यावर ज्यांच्या शेगडीवर तो पुन्हा वितळतो, त्यांना कोणी काही विचारले नाही. मिश्रधातूची निवड हा केवळ धातुशास्त्राचा प्रश्न समजण्याची जी रीत पडली आहे, तिचा फेरविचार म्हणूनच अगत्याचा आहे.

इलेक्ट्रॉनिक उद्योगाने विसाव्या शतकाचा बहुतेक काळ ज्या डाखावर काढला त्यात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असे. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. पण या प्रमाणात त्यांचे मिश्रण केले की ते १८३ अंशांनाच, आणि एकाच तापमानाला, पूर्ण वितळते व पूर्ण गोठते. ते तांब्यावर सहज पसरते. त्याचा सांधा मऊ असल्याने यंत्र तापण्या-निवण्यामुळे पडणारा ताण तो सोसतो. शिवाय शिसे कथलापेक्षा फार स्वस्त आहे. २०२१ नंतरच्या वर्षांत कथलाचा भाव शिशाच्या दहापटीहून अधिक राहिला आहे. कारखानदाराच्या दृष्टीने याहून सोयीचे द्रव्य दुसरे नव्हते. प्रश्न एवढाच की, शिशाचा जो भाव बाजारात लिहिला जात होता तो त्याचा पुरा भाव होता काय?

तो नव्हता. शिसे रक्तात उतरते, हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे तेथे राहते. प्रौढ माणसात ते रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडे बिघडवते, रक्त क्षीण करते. गर्भवती स्त्रीच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोचते आणि मुलाच्या मेंदूच्या वाढीत विघ्न आणते. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ज्या रोगांची खबर सरकारला देणे बंधनकारक होते त्यांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर होती. म्हणजे धोका माहीत नव्हता असे नाही. तो माहीत असूनही त्याची किंमत कामगाराच्या शरीरातून, त्याच्या घरातून आणि सार्वजनिक रुग्णालयाच्या खर्चातून वसूल होत राहिली. अर्थशास्त्रात याला बाह्य परिव्यय असे सौम्य नाव आहे. साध्या भाषेत, एकाचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे असाच त्याचा अर्थ आहे.

मुंबईत अंधेरीला १९७३ मध्ये सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीचे क्षेत्र उभे राहिले, तेव्हा सुटे भाग बोर्डावर बसवून डाख देण्याच्या कामावर तरुण स्त्रिया मोठ्या संख्येने घेतल्या गेल्या. जगात अन्यत्रही या उद्योगाने हेच केले. बारीक काम, सडपातळ बोटे, कमी मजुरी आणि संघटनेचा अभाव, असा तो हिशेब होता. ज्या वयात स्त्रीच्या शरीरातले शिसे गर्भापर्यंत पोचू शकते, नेमक्या त्याच वयाच्या स्त्रिया शिशाच्या तारेपुढे बसवल्या गेल्या, हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

युरोपीय संघाने घातक द्रव्यांवर निर्बंध घालणारा निर्देश २००३ मध्ये संमत केला. उद्योगात तो ‘रोह्स’ या नावाने ओळखला जातो. १ जुलै २००६ पासून तो अमलात आला आणि वस्तूच्या कोणत्याही एकजिनसी घटकात वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक शिसे असण्यास मनाई झाली. डाखाचा सांधा हा असाच एकजिनसी घटक असल्याने ३७ टक्के शिशाचा डाख एका फटक्यात बाद झाला. भारतात हीच मर्यादा २०११ च्या ई-कचरा नियमांनी घातली. पण तिचा अंमल १ मे २०१४ पासून झाला. मधल्या जवळजवळ आठ वर्षांत एकाच छपराखाली युरोपसाठी शिसेमुक्त माल आणि देशी ग्राहकासाठी शिशाचा माल बनवण्यास आपल्याकडे कायद्याची आडकाठी नव्हती. जर्मन ग्राहकाच्या मुलाला जे विष नको, ते परळच्या किंवा परभणीच्या मुलाला चालते, असा या मोकळिकीचा अर्थ होतो. राष्ट्रीय स्वाभिमानाच्या गोष्टी बोलणाऱ्या कोणत्याही पक्षाने तेव्हा या दुजाभावाला देशव्यापी प्रश्न केले नाही, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

या निर्बंधाविरुद्ध उद्योगपतींनी दोन युक्तिवाद केले. पहिला असा की, जगातील शिशाचा चार पंचमांशाहून अधिक भाग बॅटऱ्यांत जातो, डाखात जेमतेम एखादा टक्का. मग बॅटरी मोकळी सोडून डाखाला का धरता? आकडा खरा आहे, निष्कर्ष खोटा आहे. बॅटरीतले शिसे एका जागी, मोठ्या गोळ्याच्या रूपात असते, म्हणून ते परत मिळवता येते. अर्थात आपल्या देशात ते ज्या रीतीने मिळवले जाते तीही एक स्वतंत्र शोकांतिका आहे. डाखातले शिसे हजारो सांध्यांत विखुरलेले असते आणि वस्तू फेकल्यावर ते माती, पाणी आणि धूर यांत मिसळते. दुसरा युक्तिवाद असा की, हा युरोपने उभारलेला व्यापारी अडसर आहे आणि त्यात आपला लहान उद्योजक चिरडला जाईल. लहान उद्योजकाची अडचण खोटी नाही. परंतु त्यावर उपाय म्हणजे त्याला तंत्रज्ञान, तपासणी आणि कर्ज परवडेल अशा दराने मिळवून देणे हा होय. त्याच्याकडच्या दहा कामगारांना विष चाखायला ठेवणे, हा उपाय नव्हे. लघुउद्योगाचा कैवार कामगाराच्या रक्तातून घेता येत नाही.

येथवर चित्र सरळ दिसते. पण शिसे गेले म्हणून न्याय आला, असे मानणारे कार्यकर्ते फसतील. शिशाच्या जागी जो मिश्रधातू जगभर रूढ झाला त्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असते. तो २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळतो, म्हणजे जुन्या डाखापेक्षा सुमारे ३५ अंश वर. भट्टी अधिक तापवावी लागते, वीज अधिक जळते, बोर्डावर व सुट्या भागांवर अधिक ताण येतो. सांधा कडक होतो आणि वस्तू हातातून पडली तर तडकण्याचा संभव वाढतो. शिसे नसलेल्या कथलाच्या मुलाम्यावर कालांतराने केसाहून बारीक तंतू उगवतात आणि दोन वाटांमधला विद्युत्प्रवाह भलतीकडे वळवतात, हा दोष जुनाच आहे. युरोपच्या निर्देशातून शस्त्रास्त्रे आणि अंतराळातील उपकरणे वगळली गेली, त्यामागे विश्वासार्हतेची ही चिंता हेही एक कारण होते.

किमतीचेही तसेच आहे. या डाखाच्या एका किलोत तीस ग्रॅम चांदी असते. चांदीच्या अलीकडच्या भावात ही तीस ग्रॅम चांदी उरलेल्या सर्व कथलाइतकी, किंबहुना त्याहून अधिक महाग पडते. त्यावर आणखी एक पट्टी होती, ती पेटंटाची. कथील, चांदी आणि तांबे यांच्या या कुळाचे एक मुख्य पेटंट अमेरिकेत १९९६ मध्ये दिले गेले. त्यामागचे संशोधन आयोवा राज्य विद्यापीठाच्या आवारातील एम्स प्रयोगशाळेत झाले होते, आणि ही प्रयोगशाळा अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याची आहे. २०१३ मध्ये मुदत संपेपर्यंत या पेटंटाने पाच कोटी डॉलरांहून अधिक स्वामित्वधन मिळवले. सार्वजनिक पैशातून शोध लागतो, सार्वजनिक हितासाठी कायदा होतो, आणि कायदा पाळू पाहणाऱ्या प्रत्येकाला मध्ये एक जकात नाका लागतो. ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न पुस्तकी नाही, तो डाखाच्या रिळापर्यंत येऊन पोचतो, एवढे यावरून ध्यानी यावे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००५ मध्ये निरनिराळ्या डाखांचा खाणीपासून उकिरड्यापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात विषारीपणाच्या बाबतीत शिशाचा डाख सर्वांत वाईट ठरला. पण ऊर्जेच्या बाबतीत चांदीच्या डाखाचा भार अधिक निघाला, आणि त्यात चांदीच्या खाणकामाचा मोठा हात होता. निर्दोष असा डाख नाही. प्रत्येक डाख ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर हलवतो. म्हणूनच कोणता खांदा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा या विषयाचा गाभा आहे.

तांत्रिक पर्याय नाहीत असे नाही. कथलात ०.७ टक्के तांबे आणि निकेलचा अंश घातलेला डाख २२७ अंशांना वितळतो. त्यात चांदी अजिबात नसते. वितळलेल्या डाखाच्या लाटेवरून बोर्ड नेण्याच्या पद्धतीत तो वर्षानुवर्षे उत्तम चालत आला आहे. रेडिओ, मीटर, दिव्याचे चोक अशा साध्या वस्तूंना चांदीची ऐट कशासाठी? जेथे भाग बारीक आणि दाटीने बसवलेले असतात तेथे ०.३ टक्के चांदीचा मिश्रधातूही पुष्कळदा पुरतो. ४२ टक्के कथील आणि ५८ टक्के बिस्मथ यांचा डाख १३८ अंशांनाच वितळतो, त्यामुळे वीज वाचते आणि नाजूक भाग जपले जातात. मात्र तो ठिसूळ असतो आणि उष्ण जागी टिकत नाही. शिवाय बिस्मथचा मोठा हिस्सा शिशाच्याच शुद्धीकरणातून उपपदार्थ म्हणून निघतो. आणखी एक गोष्ट दुरुस्तीच्या दुकानांनी ध्यानात घ्यायला हवी. बिस्मथच्या सांध्यावर जुनी शिशाची तार चालवली तर ९६ अंशांना वितळणारे मिश्रण तयार होऊ शकते आणि दुरुस्त केलेली वस्तू तापताच निकामी होते. म्हणून वस्तूवर डाखाची जात लिहिलेली असणे हा ग्राहकाचा आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा हक्क मानला पाहिजे.

कामगाराच्या बाजूने पाहता याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. डाख देताना वर चढणारा धूर शिशाचा असतो अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि म्हणून शिसेमुक्त तार आली की धूर निरुपद्रवी झाला असे सांगितले जाते. दोन्ही गोष्टी चूक आहेत. कारागिराच्या सोल्डरिंग आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. शिसे शरीरात जाते ते मुख्यतः हातावाटे तोंडात, म्हणजे न धुतलेल्या हाताने खाल्लेल्या भाकरीतून आणि ओढलेल्या बिडीतून; तसेच डाखाच्या कुंडावरची मळी काढताना उडणाऱ्या धुळीतून. धूर असतो तो तारेच्या पोटात भरलेल्या राळेचा. या राळेच्या धुराने दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्याशा धुरानेही तो उसळतो. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने हा व्यवसायजन्य दमा म्हणून नोंदवला आहे. शिसेमुक्त डाखाला अधिक उष्णता लागते, पुष्कळदा अधिक तीव्र फ्लक्सही लागतो; तेव्हा धुराचा त्रास कमी होण्याऐवजी वाढण्याचाच संभव असतो. ‘शिसेमुक्त’ ही चिठ्ठी ग्राहकाला दिलासा देते. कामगाराच्या फुप्फुसाबद्दल ती काहीच सांगत नाही.

डाखाचा मुख्य घटक आता कथील आहे, आणि कथलाला स्वतःचा इतिहास आहे. बोलिव्हियाच्या खाणकामगारांनी १९५२ च्या क्रांतीनंतर कथलाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण घडवून आणले. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय कथील परिषद कोलमडली, भाव गडगडला, आणि त्या देशाच्या सरकारी खाण महामंडळातून पुढच्या काही वर्षांत वीस हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. काँगोच्या पूर्व भागात कथलाचे खनिज सशस्त्र टोळ्यांच्या उत्पन्नाचे साधन झाले, म्हणून अमेरिकेला २०१० मध्ये कंपन्यांवर खनिजाचा उगम जाहीर करण्याचे बंधन घालावे लागले. आपल्या देशातले कथलाचे खनिज बस्तरमध्ये आहे. तेथील आदिवासी ते वेचतात आणि छत्तीसगडच्या सरकारी खनिज महामंडळाला विकतात. देशाची गरज त्यातून भागत नाही. बहुतेक कथील आयात होते. शिसेमुक्त डाखाची मागणी वाढली याचा अर्थ या खाणींवरचा ताण वाढला. शहरी ग्राहकाचे आरोग्य राखताना दूरच्या खाणकामगाराची मजुरी आणि जीव विसरला जाऊ नये, हे भान कामगार चळवळीने सोडता कामा नये.

साखळीचे शेवटचे टोक भंगाराच्या बाजारात आहे. दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला आणि मुंबईत कुर्ला-साकीनाक्याच्या गल्ल्यांत टाकाऊ बोर्ड शेगडीवर तापवून डाख सैल केला जातो आणि विकाऊ भाग उपटले जातात. २०१४ पूर्वीच्या वस्तू अजून भंगारात येत आहेत, म्हणजे शिसेही येत आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली, पण त्याचा पैसा नोंदणीकृत कारखान्यांकडे जातो. शेगडीपाशी बसलेला मजूर त्या हिशेबात नाही. याच नियमांनी अशा कामगारांची नोंदणी, त्यांचे गट आणि त्यांचे प्रशिक्षण ही कामे राज्य सरकारवर सोपवली आहेत. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरावेचकांची संघटना होऊ शकते हे सिद्ध झाले. भंगारातील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत तीच वाट चालण्यास कोणाची हरकत असावी?

कायद्याची दिशा मात्र उलटी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा घेतली. जुन्या केंद्रीय कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरे. नव्या संहितेत ही संख्या वीस झाली. डाखकामाची असंख्य लहान दुकाने नेमकी या दहा आणि वीसच्या मधली आहेत. ई-कचरा नियमांतूनही सूक्ष्म उद्योग वगळलेले आहेत. जेथे धोका सर्वांत दाट तेथेच कायद्याचे जाळे सर्वांत विरळ, अशी ही व्यवस्था आहे.

कार्यकर्त्यांपुढचे काम यातून स्पष्ट होते. ज्या वस्तीत वा औद्योगिक वसाहतीत डाखकाम चालते तेथे प्रथम तारेच्या रिळावरची चिठ्ठी वाचावी. धातूंचे प्रमाण तिच्यावर छापलेले असते. आयर्नच्या टोकापाशीच धूर खेचून बाहेर नेणारी नळी प्रत्येक जागेवर असावी, कारण छताचा पंखा धूर फक्त शेजारणीकडे ढकलतो. हात धुण्यास साबण-पाणी, जेवणाची वेगळी जागा, जेथे शिसे आहे तेथे वर्षातून एकदा रक्ताची तपासणी आणि तिचा निकाल कामगाराच्या हातात, गर्भवती कामगार स्त्रीला मजुरी न कापता दुसरे काम, या मागण्या एखाद्या पन्नास माणसांच्या कारखान्यालाही जड जाणाऱ्या नाहीत. सरकार आणि सरकारी कंपन्या विजेचे मीटर, रुग्णालयाची यंत्रे व शाळांची उपकरणे खरेदी करतात. त्यांच्या निविदांत डाखाची जात जाहीर करण्याची आणि दुरुस्तीची सोय ठेवण्याची अट घातली गेली पाहिजे. केंद्र सरकारची सी-मेट ही संस्था पुणे, हैदराबाद आणि त्रिशूर येथे इलेक्ट्रॉनिक द्रव्यांवर संशोधन करते. हैदराबादेत तिची घातक द्रव्यांच्या तपासणीची प्रयोगशाळाही आहे. तिचा लाभ लहान उद्योजकाला परवडणाऱ्या दरात मिळावा आणि तेथील शोध सर्वांना खुले राहावेत, अशी मागणी लोकप्रतिनिधींनी केली पाहिजे.

डाख कोणता वापरायचा हे आजवर खरेदी-अधिकारी, परदेशी ग्राहक आणि पेटंटाचा धनी यांनी ठरवले. त्यांनी आपापला हिशेब चोख केला यात नवल नाही. नवल असेल तर ते एवढेच की, ज्यांच्या श्वासात आणि रक्तात या निर्णयाची नोंद होते त्या कामगारांच्या संघटनांनी हा विषय इंजिनियरांचा म्हणून सोडून दिला. वेतन, बोनस आणि महागाई भत्ता यांच्यासोबत कामाच्या द्रव्याची निवड हाही वाटाघाटीचा विषय आहे, असे पुढच्या मागणीपत्रात लिहिले जाईल तेव्हा कामगार चळवळ एक पाऊल पुढे गेली असे म्हणता येईल.